मातीमोल

‘मातीमोल’ हा शब्द मराठीने तुच्छतेसाठी राखून ठेवला. कन्नडमधील ‘मण्णुपालु’ही नाशाचाच अर्थ देतो. परंतु ज्या बंगळुरात या दोन्ही भाषा नांदल्या, ते नगर मुळात मातीचेच. केंपे गौडा यांनी १५३७ साली येथे मातीचा कोट उभारला. पुढे १६३८ नंतर शहाजीराजे याच नगरीत राहिले आणि त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषांना एकत्र बसविले.

आज शहराच्या सीमेवर नवी वसाहत उभी राहताना पायासाठी उपसलेली तांबडी माती बाहेर टाकली जाते आणि भट्टीत भाजलेल्या विटा व सिमेंट दुरून येते. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना इंधनाच्या धुराखेरीज खुद्द दगडातूनही कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. या वायूच्या जागतिक उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. घरात पहिला दिवा लागण्यापूर्वीच हे ऋण चढलेले असते.

याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हे केंद्र निघाले. तेथील संशोधकांनी जागेवरच्या मातीत थोडे सिमेंट वा चुना मिसळून, यंत्रात दाबून, न भाजलेली वीट सिद्ध केली. दोन-तीन मजली घरांना ती पुरते. तरीही मातीचे घर म्हणजे गरिबाचे घर, ही समजूत टिकून आहे. अडसर तंत्राचा नसून शब्दाचा आहे. वसाहतीचा नकाशा मंजूर करताना ‘उपसलेली माती कोठे जाणार?’ एवढा प्रश्न जरी आधी विचारला गेला, तरी पुष्कळ साधेल.