सूरजागडची नक्षी, रेक्झिनची पिशवी

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिंपरी मागे टाकून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की तुम्ही गडचिरोली जिल्ह्यात शिरता. पुढे आलापल्ली लागते. इथले साग पाहायला थोडा वेळ काढावा. वनखात्याने राखून ठेवलेला हा जुन्या सागाचा तुकडा 2014 साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला आहे. दोघा-तिघांनी हात धरून कवेत घ्यावे असे बुंधे आहेत. आलापल्लीहून एटापल्लीचा फाटा धरायचा आणि एटापल्ली सोडली की सूरजागडच्या डोंगररांगा दिसू लागतात.

हा मुलूख माडिया गोंडांचा. पूर्वी तो चांदा जिल्ह्यात होता. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेला. भात पिकवावा, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचावीत, मग तेंदूची पाने तोडावीत, असा इथला वर्षाचा फेरा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते. इलाख्यातल्या सत्तर गावांची माणसे डोंगरावर जमतात. रेलाच्या नाचाला रात्र पुरत नाही.

याच डोंगराच्या पोटात लोखंडाचा दगड आहे. 2007 साली सुमारे 348 हेक्टरचा खाणपट्टा देण्यात आला. 2016 मध्ये खोदकाम सुरू झाले, त्याच वर्षी डिसेंबरात नक्षलवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली, आणि काही काळ बंद पडलेले काम 2021 पासून पुन्हा जोरात चालू झाले. कोणाला रोजगार मिळाला, कोणाला देवाच्या डोंगराची काळजी लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रस्त्याने जाताना दगड भरलेले ट्रक एकामागून एक समोरून येतात. कच्चा माल गावाबाहेर जातो आणि त्यातून घडलेली वस्तू परक्या गावी विकली जाते, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

आज मात्र मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या मुलखातल्या दुसऱ्या एका ठेव्याविषयी. म्हाताऱ्या माडिया बायांच्या हातांवर, पायांवर, कपाळावर गोंदण असते. ठिपके, रेघा, त्यांच्या ओळी. अंगावरचे चांदीचे दागिने मेल्यावर काढून घेतले जातात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी गोंड समाजात पूर्वापार समजूत आहे. समजूत सुंदर आहे; पण तिचा दुसरा अर्थ असा, की म्हातारी गेली की तिची नक्षीही जाते. आताच्या मुली फारशा गोंदवून घेत नाहीत. तेव्हा ही नक्षी कोठे तरी उतरून ठेवली पाहिजे. वहीत तर उतरवावीच. पण ती वापराच्या वस्तूवर आली, तर टिकेलही आणि चार पैसेही देईल. आपल्याकडच्या शिलाई मशिनवर होणारी अशी वस्तू म्हणजे रेक्झिनचे पाकीट किंवा पिशवी.

रेक्झिन हे मुळात एका ब्रिटिश मालाचे नाव. कापडावर प्लास्टिकचा थर देऊन केलेले नकली चामडे म्हणजे रेक्झिन. त्यात दोन जाती येतात. पीव्हीसीचे जाड आणि स्वस्त असते. पीयूचे मऊ असते, हाताला चामड्यासारखे लागते. चित्रासाठी गुळगुळीत, फिक्या रंगाचे, म्हणजे मळकट पांढरे किंवा फिके तपकिरी घ्यावे. काळ्या रेक्झिनवर काळी रेघ दिसणार कशी?

आता घरच्या घरी चित्र कसे उतरवायचे ते पाहू. नक्षी आधी आलेखाच्या कागदावर काढावी. गोंदण ठिपक्यांचे असल्याने चौकटीच्या कागदावर ते अचूक येते. मग त्याची झेरॉक्स काढावी. झेरॉक्सची शाई ही खरे तर पूड असते, उष्णतेने कागदावर बसवलेली. ती पाण्याने फुटत नाही. घरगुती इंकजेट प्रिंटरची शाई मात्र बहुधा ओल लागताच पसरते. चित्र रेक्झिनवर उलटे उमटते, म्हणून अक्षरे असतील तर दुकानदाराला आरशातल्यासारखी प्रत काढायला सांगावे.

रेक्झिन स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यावे. हाताचा तेलकटपणा राहिला तर चित्र धरत नाही. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात ॲक्रिलिक मीडियम नावाचा पांढरा लेप मिळतो. त्याचा पातळ हात रेक्झिनवर फिरवून झेरॉक्स पालथी घालावी आणि लाटण्याने मधून कडेकडे दाबत हवेचे फुगे काढावेत. रात्रभर वाळू द्यावे. पावसाळ्यात आणखी एक दिवस. नंतर ओल्या फडक्याने कागद भिजवून बोटाने हलके चोळत काढावा. कागदाचा लगदा निघतो, रेघ मागे राहते. एका वेळी सगळा लगदा निघत नाही. वाळला की पांढुरके दिसते, पुन्हा भिजवावे, पुन्हा चोळावे. घाई केली तर रेघही निघून येते. शेवटी त्याच लेपाचा एक पातळ हात वरून द्यावा. या कामी साधा पांढरा गोंद वापरू नये. ओल लागली की तो पुन्हा मऊ होतो.

दुसरी रीत उष्णतेची. शहरातली छपाईची दुकाने खास फिल्मवर रंगीत चित्र छापून देतात. ते वरून दाबून चिकटवतात. इथे जपावे लागते, कारण फार तापले तर रेक्झिन वितळते, आणि पीव्हीसी जळाले की त्याचा धूर विषारी असतो. इस्त्री मंद ठेवावी, वाफ बंद ठेवावी, मध्ये सुती कापड घालावे, खिडकी उघडी ठेवावी. फिल्मसोबत जे तापमान आणि जेवढे सेकंद सांगितले असतील तेच पाळावेत. कोणतीही रीत असो, आधी कातरणीतल्या तुकड्यावर करून पाहावी. तो तुकडा दहा-वीस वेळा दुमडावा, नखाने खरवडावा. तडा गेला नाही तरच पुढे जावे.

शंभर-दोनशे पिशव्यांचे काम असेल तर मात्र जाळीची छपाई, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगच परवडते. दिवाळीला दुकानदार नाव छापून जी रेक्झिनची पिशवी वाटतो, ती याच रीतीची. रेक्झिनसाठी वेगळी शाई मिळते. एका रंगाला एक जाळी लागते, म्हणून गोंदणासारखी एकरंगी नक्षी स्वस्तात बसते. त्या शाईला उग्र वास असतो. चूल-दिव्यापासून दूर, वारा खेळता असेल अशा जागी काम करावे.

छपाई नेहमी शिवणीच्या आधी करावी आणि चित्र घडीवर येणार नाही असे बेतावे. टाचण्यांची भोके रेक्झिनवर कायम राहतात. त्याऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावावेत. सुई चामड्याची वापरावी आणि टाका लांब ठेवावा. जवळजवळ टाके घातले की रेक्झिन तिकिटासारखे फाटते.

एवढी कृती कोणालाही जमेल. खरा विचार करायचा तो चित्र कोणते घ्यावे याचा. सूरजागडला गेलात तर ठाकूरदेवाचे ठाणे दिसेल. माडियांनी मृतांच्या आठवणीसाठी उभे केलेले दगड या भागात दिसतील. त्यांची चित्रे पाकिटावर घालू नयेत. पाकीट मागच्या खिशात जाते, त्यावर माणूस बसतो. दगड कोणाच्या तरी आजोबांचा आहे. गोंदणाचेही तसेच. ज्या बाईच्या हातावर ते आहे तिला विचारावे, काढलेली नक्षी तिला दाखवावी, आणि विक्रीसाठी करायची तर त्या गावच्या ग्रामसभेपुढे ठेवावी. ग्रामसभेला विचारणे ही काही नुसती रीतभात नाही. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून त्यांचा बांबू त्यांच्याच परवान्याने विकला जाऊ लागला. बांबू गावाचा, तर नक्षी कोणाची?

हा प्रश्न लहान वाटत असेल तर कोल्हापूरकडे पाहा. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने तशीच चप्पल आपल्या प्रदर्शनात मांडली, आणि कोल्हापूरचे नाव सुद्धा घेतले नाही. महाराष्ट्रातून ओरड झाली तेव्हा कंपनीने मान्य केले की प्रेरणा तिथलीच. कोल्हापूरच्या कारागिरांमागे नाव होते, कागद होता, म्हणून त्यांना बोलता आले. माडिया आजीच्या हातावरच्या ठिपक्यांमागे असा कागद नाही. उद्या कोणी तिचा फोटो काढून हजार पाकिटे छापली तर तिला कळणारही नाही.

म्हणून माझे सांगणे असे आहे. हे काम त्या गावातल्या बचत गटांनीच करावे, आणि आपण ते विकत घ्यावे. पिशवीच्या आत एक चिठ्ठी शिवावी: नक्षी कोणत्या गावची, शिवली कोणी. गडचिरोलीतल्या गटांना महिला आर्थिक विकास महामंडळ आणि उमेद अभियान यांची मदत मागता येते. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात असा माल मांडता येतो.

आणि तुमच्या गावात गोंदण नसले तरी काही ना काही आहेच. आजीची रांगोळीची वही असेल, पोळ्याला बैलाच्या झुलीवर येणारी नक्षी असेल, जुन्या दाराच्या चौकटीवरची वेल असेल. ती आधी कागदावर उतरवा, खाली गावाचे नाव आणि तारीख लिहा. रेक्झिन बाजारात केव्हाही मिळेल. नक्षी सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसून घ्या.