घेर

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं आणि आतून कुणा दुसरीचाच पाय बाहेर आला. फिकट, खवलेली कातडी, काठीसारखा. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं शिंप्याकडे असतो तसला टेप काढला, गुडघ्याच्या वाटीपासून वर पंधरा सेंटिमीटरवर पेनानं खूण केली आणि दोन्ही मांड्यांचा घेर घेतला. उजवी ४४, डावी ४०.

"चार गेले, काकू."

कुठे गेले, हे मी विचारलं नाही. घरी येऊन वाचलं. न वापरलेलं मांस शरीर फार दिवस पोसत नाही. नवं प्रथिन कमी बनतं, जुनं मोडलं जातं. तंतू तिथेच असतात, फक्त बारीक होतात. त्या दिवसापासून जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर एक यादी होत गेली: काय काय आटतं, आणि ते कोण कशानं मोजतं.

मराठीत याला एक शब्द पुरत नाही. हाड झिजतं, दूध आटतं, पोर वाळतं, हिरड्या बसतात, माणूस खंगतो. डॉक्टर यातल्या बऱ्याच गोष्टींना अ‍ॅट्रॉफी म्हणून मोकळे होतात. मूळ ग्रीक, अर्थ पोषण न मिळणं.

डॅलस, १९६६. विशीतले पाच धडधाकट तरुण, तीन आठवडे अंथरुणात. काही आजार नाही, फक्त उठायचं नाही. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. दमसास तीस वर्षांच्या वयानं जेवढा घटला होता, त्याहून जास्त तेव्हाच्या तीन आठवड्यांत घटला होता. आमच्याकडे अजूनही कुणी आजारी पडलं की पहिलं वाक्य येतं, "हलू नकोस, मी आणून देते." मीही हेच म्हणत आले.

बोस्टन, १९९०. वृद्धाश्रमातले दहा जण, वय नव्वदीच्या अलीकडे-पलीकडे, त्यांना पायानं वजन उचलायला लावलं. आठ आठवडे. मारिया फियातारोन या डॉक्टरबाईंचा हा प्रयोग. नऊ जण शेवटपर्यंत टिकले. मांडीतलं मांस सुमारे ९ टक्के वाढलं, ताकद मात्र सरासरी १७४ टक्के. दोघांनी चालताना काठी सोडली. मग व्यायाम थांबवला आणि चारच आठवड्यांत कमाल ताकदीतली ३२ टक्के गेली. हा शेवटचा आकडा मी वहीत दोनदा लिहिलाय. पहिल्यांदा लिहिला ते विसरले होते.

जबड्याचं हाड. दात काढला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही. वर्षभरात त्या जागेची रुंदी निम्म्यावर येते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच. आईची कवळी दर काही वर्षांनी सैल व्हायची. आम्ही कवळीला दोष द्यायचो.

बेल्जियन ब्लू जातीचे बैल फोटोत पाहावेत. मागचे पुठ्ठे असे, की गोणीत बटाटे ठासून भरलेत. त्यांच्यात मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन नीट बनत नाही, आणि मायोस्टॅटिनचं काम स्नायूला "आता पुरे" सांगणं. से-जिन ली यांनी ते १९९७ मध्ये उंदरांत दाखवलं. २०१९ च्या डिसेंबरात चाळीस उंदीर अंतराळ स्थानकावर गेले. साधे उंदीर सुकून परतले. ज्यांच्यात मायोस्टॅटिन नव्हतं त्यांचं मांस टिकलं.

माणसांत मात्र गंमत झाली. बिमाग्रुमॅब नावाचं औषध याच वाटेवर काम करतं. स्नायू वाळवणाऱ्या एका आजारात, २५१ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. कसोटी एवढीच: सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो. औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा लांब गेले नाहीत. थकलेल्या म्हाताऱ्यांवरच्या दुसऱ्या चाचणीत मांस भरलं, वजनात दिसलं, चालीत उतरलं नाही. मांस म्हणजे ताकद नव्हे हे कुठल्याही तालमीतल्या वस्तादानं फुकट सांगितलं असतं. पण वस्तादाचं म्हणणं कागदावर यायला २५१ माणसं लागतात, आणि ती लागायलाच हवीत.

आता यादीतली सगळ्यात लहान माणसं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, एसएमए. इथे स्नायूचा दोष नसतो. पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी मरतात. हुकूम थांबला की स्नायू वाळतो. बाळ मान धरत नाही, पाय उचलत नाही, पुढे श्वासही. कारणीभूत जनुक पॅरिसमध्ये १९९५ साली सापडलं. निसर्गानं या जनुकाची एक जवळजवळ हुबेहूब प्रत माणसात ठेवलीय, पण तिच्यातलं सातवं पान बहुतेक वेळा गळतं. नुसिनर्सेन हे औषध ते पान गळू देत नाही. ते कमरेत सुई घालून मणक्यातल्या पाण्यात सोडावं लागतं.

चाचणीत १२२ तान्ही बाळं होती. तिघांतल्या दोघांना औषध. तिसऱ्याच्या कमरेवर बारीक सुई टोचून, वर तशीच पट्टी चिकटवून आईकडे द्यायचं. कुणाच्या पट्टीखाली काय आहे हे आईला माहीत नाही. मधल्या टप्प्यावर आकडे पाहिले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवून सगळ्यांना औषध देऊ केलं. शेवटच्या हिशेबात औषधवाल्या ७३ पैकी ३७ बाळांनी मान धरणं, कुशीवर वळणं, बसणं अशातली काही प्रगती केली. नुसत्या पट्टीवाल्या ३७ पैकी एकानंही नाही. दोन्हीकडे ३७ यावेत हा योगायोगच, पण तो कागद मी बराच वेळ मिटू शकले नाही.

२०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पाठोपाठ २०१९ मध्ये एकदाच द्यायचं जनुकोपचाराचं औषध आलं, किंमत २१ लाख डॉलरच्या वर. तेच २०२१ मध्ये आपल्याकडे "१६ कोटींचं इंजेक्शन" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी पोचलं. आमच्या सोसायटीतही गणपतीच्या वर्गणीच्या वहीत त्याच्यासाठी एक वेगळं पान उघडलं होतं. तोंडानं घ्यायचं रिस्डिप्लाम २०२० चं. त्याची भारतीय आवृत्ती बाजारात येऊ द्यायची की नाही, हा वाद २०२५ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयात चालला आणि भारतीय कंपनीच्या बाजूनं गेला.

यातलं एकही औषध मेलेली पेशी परत आणत नाही. म्हणून एका चाचणीत, लक्षण दिसायच्या आधीच, रक्ततपासणीवरून २५ बाळांना नुसिनर्सेन सुरू केलं. २२ जण आपल्या पायांनी चालले.

डोळा. दृष्टिपटलाच्या मधोमध म्हातारपणी पेशींचे तुकडे नाहीसे होतात, कडा नकाशातल्या देशांसारख्या स्पष्ट. म्हणून नाव जिओग्राफिक अ‍ॅट्रॉफी. देश वाढत जातात. समोरच्याचा चेहरा जातो, भिंतींच्या कडा राहतात. २०२३ मध्ये अमेरिकेत दोन औषधं आली, डोळ्यात टोचायची, दर महिन्याला किंवा महिन्याआड. त्यातल्या पेगसेटाकोप्लॅननं त्या नकाशाचं पसरणं साधारण पाचव्या हिश्शानं मंदावलं. अक्षरांचा तक्ता वाचण्यात मात्र औषधवाल्यांत आणि खोट्या टोचणीवाल्यांत फरक पडला नाही. युरोपच्या नियामकांनी याच कारणानं त्याला नकार दिला. मला दोघांचंही पटतं, आणि म्हणून ही नोंद अर्धवट आहे.

तिच्याखाली नंतर लिहिलेली एक ओळ: प्रिमा. दोन मिलिमीटर लांब-रुंद चिप, पेशी जिथून नाहीशा झाल्या तिथेच, पटलाखाली सरकवलेली. सोबत कॅमेऱ्याचा चष्मा. २०२५ मध्ये निकाल आले. ३८ जणांना बसवली, वर्षभरानं तपासलेल्या ३२ पैकी २६ जण तक्त्यावर ठळकपणे खालच्या ओळींपर्यंत उतरले. पेशी आल्या नाहीत. रिकाम्या जागेला काम मिळालं.

पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा. माझ्या डॉक्टरीणबाई हे सांगताना आवाज उतरवून बोलल्या. केबिनमध्ये आम्ही दोघीच होतो. पूर्वी कागदावर सरळ "व्हजायनल अ‍ॅट्रॉफी" लिहीत. २०१४ मध्ये दोन अमेरिकी संस्थांनी नाव बदललं, सार्वजनिक बोलण्यात ते अवघड जातं हेही एक कारण. म्हणजे या यादीत शब्दच आटला. २०१८ मधल्या एका चाचणीत ३०२ बायका. कुणाला इस्ट्रोजेनची गोळी, कुणाला ओलावा देणारं जेल, कुणाला दोन्ही लटकी. बारा आठवड्यांनी सगळ्यांचा त्रास जवळपास सारखाच कमी झालेला. इस्ट्रोजेननं थर जाड होतो, यात शंका नाही. पण बाईला काय खुपतं ते थरानं कळत नाही. याच दुखण्यावर लेझर विकतात. सिडनीत ८५ जणींवर खरं आणि खोटं लेझर वापरून पाहिलं, वर्षाअखेर फरक शून्य. जाहिराती चालू आहेत.

मेंदू. ऑक्सफर्डमध्ये विसराळूपणा सुरू झालेल्या वृद्धांना दोन वर्षं बी-१२, बी-६ आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं. मेंदूचा संकोच वर्षाला १.०८ टक्क्यांऐवजी ०.७६ टक्के झाला. रक्तात होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना फायदा अधिक. इकडे पुण्यात, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला तपासलेल्या पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आढळलं. या दोन ओळी मी एकमेकींखाली लिहिल्या आणि दुधाचा रतीब अर्ध्या लिटरनं वाढवला. विज्ञान म्हणून हे कच्चं आहे, ठाऊक आहे.

थायमस. छातीच्या हाडामागची ग्रंथी, वयात आल्यापासून चरबीत विरत जाणारी. ती पुन्हा भरवण्याचा कॅलिफोर्नियात नऊ पुरुषांवर प्रयोग, तुलनेला दुसरा गट नाही. प्रश्नचिन्ह.

तीन महिन्यांनी पुन्हा त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे गेले. सवयीनं साडी गुडघ्यावर सारून टेपची वाट पाहत बसले. टेप खिडकीत गुंडाळलेला होता, तिनं तिकडे पाहिलंही नाही. हातांची घडी घालायला सांगितली.

"हात न लावता उठा बघू, काकू."

पहिल्यांदा नाही जमलं.