पदाच्या माथ्यावरील राग

अंबाजोगाईच्या दासोपंतांचा (1551-1615) उल्लेख मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा आकड्यांनी होतो: ‘गीतार्णवा’च्या सव्वा लाख ओव्या, परंपरेने सांगितलेली ‘पदार्णवा’तील तितकीच पदे. कापडावर लिहिलेल्या ‘पंचीकरणा’च्या पासोडीचे कौतुकही तिच्या लांबीरुंदीपाशीच थांबते. हे कौतुक काहीसे सोयीचे आहे. मोजून झाले की ऐकण्याची जबाबदारी संपते. उपलब्ध पदे थोडीच, परंतु त्यांच्यासोबत रागांचे निर्देश येतात. ही रचना गाण्यासाठी होती. अशी पदे हाती येतात तेव्हा नेमके काय सापडलेले असते?

विस्मृत रचना परत मिळणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण युरोपीय स्वच्छंदतावादी संगीतात आहे. क्लारा वीक (पुढे शूमान) हिने वयाच्या तेराव्या वर्षी, 1833 मध्ये, ए मायनरमधील पियानो कन्चेर्टो रचायला घेतला. 9 नोव्हेंबर 1835 रोजी लायपझिगच्या गेवांडहाउसमध्ये मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली तिने तो स्वतः वाजवला. पुढे पतीच्या त्याच स्वरातल्या कन्चेर्टोने तो झाकोळला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा मैफलीत आला. त्याच्या मधल्या भागात वाद्यवृंद जवळजवळ गप्प होतो, पियानोला एकट्या चेलोची साथ उरते. किशोरवयीन मुलीचे हे धाडस आज ऐकता येते, कारण स्वर न् स्वर कागदावर होता.

पदाच्या माथ्यावर मात्र केवळ नाव असते. शिवाय ते नावही स्थिर नाही. रागांची आजची परिचित दहा थाटांची मांडणी भातखंड्यांची (1860-1936), म्हणजे दासोपंतांनंतर तीन शतकांची. तेव्हा आजच्या गायकाने त्याच नावाच्या रागात पद गायिले, तर ते पुनःप्राप्ती नव्हे, नवी स्वररचना होय. त्यात गैर काहीच नाही. फक्त ती जुनी चाल म्हणून पुढे करू नये.

तरीही संहिता अगदीच मुकी नाही. समीक्षेने पद कवितेसारखे वरून खाली वाचले. गाण्यात ते वर्तुळाकार फिरते. पहिल्या कडव्यानंतर आर्जवाचे वाटणारे ध्रुवपद तिसऱ्यानंतर तक्रारीचे होऊ शकते, शेवटी स्वीकाराचे. छापील पानावर ते एकदाच येते, आणि त्याच्या परतण्याची खूण म्हणून एवढेच असते: ॥ध्रु.॥