माइक मागच्या रांगेत नेताना

स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा वसतिगृह, पहाटेची वंदना आणि भोजनगृहातील पिठले-भाकरी यांवर माझ्याहून सरस लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत, हे मी जाणून होतो. म्हणून एका उपकरणाविषयी लिहितो. ते मुठीत मावते. त्याला प्लग-ऑन ट्रान्समीटर म्हणतात. मी नुसते डबी म्हणतो. आपल्या पालक मेळाव्यात जो माइक गेली काही वर्षे माणसांमधून फिरतो, त्याच्या बुडाशी ही डबी असते.

आपल्याकडील सभांचा एक नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो सर्वत्र पाळला जातो. माइक व्यासपीठावर असतो आणि त्याची वायर जेथवर पोहोचते, तेथवरच बोलण्याचा अधिकार पोहोचतो. पाहुणे बोलतात, अध्यक्ष बोलतात, आभार मानले जातात. औसा, निलंगा, मुखेड, कंधार या तालुक्यांतून एस.टी.ने आलेल्या आया मात्र मागे, दाराजवळ, मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या असतात. ‘कुणाला काही विचारायचे आहे का?’ असे पुढून विचारले जाते आणि उत्तराची वाट न पाहता राष्ट्रगीत सुरू होते. मी विद्यार्थी असताना माझी आई त्याच रांगेत बसत असे. सहा वर्षांत ती एकदाही बोलली नाही. तिच्याजवळ विचारण्यासारखे काही नव्हते, असे मला कधीच वाटले नाही.

सभेच्या साध्या माइकच्या बुडाशी तीन पिना असतात. एरवी तेथे वायर बसते. ती काढून त्या जागी डबी बसवायची आणि तिची कडी फिरवून घट्ट करायची. माइकमधील पातळ पडदा आवाजाने थरथरतो, त्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाजवळ हलते आणि अतिशय क्षीण वीज निर्माण होते. डबी ती वाढविते आणि रेडिओलहरीवर चढविते. अनेक डब्यांत तत्त्व एफएम रेडिओचेच असते, फक्त कंपनसंख्या त्याहून बरीच अधिक, पाच-सहाशे मेगाहर्ट्झच्या आसपास. मिक्सरजवळचा रिसीव्हर ती लहर पकडून तिच्यातील आवाज वेगळा करतो. म्हणजे संस्थेच्या कपाटात आधीपासून असलेला माइकच बिनवायरचा होतो. ध्वनिमुद्रणासाठी वापरतात तो कंडेन्सर माइक मात्र स्वतः वीज निर्माण करीत नाही. त्याला बहुधा ४८ व्होल्ट बाहेरून लागतात. मिक्सरमधून ते वायरीनेच येत असतात. वायर गेली की ते डबीने द्यावे लागतात, आणि प्रत्येक डबी ते देत नाही. विकत घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

पुष्कळ डब्यांना बाहेर लोंबणारा अँटेना नसतो. डबी आणि माइकचे धातूचे अंग मिळून अँटेनाचे काम करतात, म्हणून डबीवर मूठ आवळू नये. माणसाच्या देहात पाणी फार, आणि पाणी या लहरी शोषून घेते. भरल्या सभागृहात रिसीव्हर टेबलाखाली ठेवला की आवाज तुटतो. तो माणसांच्या डोक्यांहून उंच ठेवावा. आपल्या सभागृहासारख्या पत्र्याच्या छपराखाली लहरी उलटून येतात आणि एकमेकींना मारतात. यासाठी रिसीव्हरला दोन अँटेना असतात. ज्यावर लहर चांगली, ती बाजू तो निवडतो. एका कंपनसंख्येवर दोन डब्या एकाच वेळी चालत नाहीत. बावरीनगरच्या धम्म परिषदेसारख्या ठिकाणी, जेथे बिनवायरचे अनेक संच एकत्र येतात, तेथे आधी आपली डबी बंद ठेवून रिसीव्हरवर मोकळी जागा शोधावी. माइक लोकांत जातो म्हणजे ध्वनिक्षेपकांच्या तोंडासमोरही जातो आणि शिट्टी वाजते. माइक ज्या बाजूला जाईल, त्या बाजूचा आवाज साउंडवाल्याने कमी करावयाचा असतो.

राहिला आवाजाचा चढ-उतार. डबीवर त्यासाठी सोय असते. ती शाहिराच्या आवाजाला लावली तर लाजऱ्या आजीचा आवाज खरखरीत बुडतो, आजीला लावली तर शाहिराचा फाटतो. मी ती आजीला लावतो. शाहीर माइक लांब धरू शकतात.

पहिल्या वर्षी आम्ही माइक मागे नेला, तेव्हा मुखेडकडच्या एका आज्जीने तो हातात घेऊन उलटा केला. ‘लेकरा, ह्याची वायर कुठं ऱ्हायली?’ सभा हसली. मग ती म्हणाली, ‘माझा ल्योक-सून कारखान्यावर ऊस तोडायला हाईत. मेळावा दिवाळीच्या आदी घ्या की. लेकराच्या मायबापाला कवा बोलवनार तुमी?’ मेळावा तोवर जानेवारीत होत असे. दसरा-दिवाळीनंतर ज्यांची घरे ओस पडतात, त्यांच्या मुलांसाठीच ही शाळा उभी आहे आणि त्या मुलांचे आईवडील तिच्या मेळाव्याला कधीच नव्हते, हे तोवर कोणी बोललेच नव्हते. पुढच्या वर्षापासून एक मेळावा सप्टेंबरमध्ये होऊ लागला.

त्यानंतर मी ही डबी गावोगाव नेऊ लागलो. कॉलरला लावायचा छोटा माइक मी मुद्दाम नेत नाही. तो लुगड्याच्या पदरावर चिमट्याने लावावा लागतो, पदर हलला की घासतो, आणि परक्या पुरुषाने तो लावणे बाईला अवघड होते. हातातला माइक तिने सभेत पाहिलेला असतो. बोलावेसे वाटले की ती तो तोंडाजवळ नेते, नको वाटले की मांडीवर ठेवते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यातच १९९६ मध्ये बर्नार्ड बेल यांनी शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावला, बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. लातूर-नांदेडच्या बायांजवळही अशा ओव्या आहेत. आणखी एक गोष्ट आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या साडेपंधरा वर्षांच्या आरंभीच ज्यांची घरे जळाली, ज्यांनी रात्री उसाच्या फडात लेकरांची तोंडे दाबून काढल्या, त्या बाया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आंदोलनाचा इतिहास नेत्यांच्या नावांनी लिहिला गेला आहे, आणि तो लिहिला जायलाच हवा होता. पण त्या रात्री चुलीवर काय होते, कोणत्या घराने पाणी दिले आणि कोणत्या घराने दार लावले, हे फक्त या बाया सांगू शकतात. माझ्या मुद्रणांत मागे पंखा ऐकू येतो, कोंबड्या येतात. एका ठिकाणी आज्जी बोलता बोलता थांबली आहे आणि चाळीस सेकंद नुसता पंखा आहे. ते मी कापलेले नाही.

ज्यांच्या घरी असे कोणी असेल, त्यांनी शाळेच्या कार्यालयात निरोप ठेवावा. डबी, माइक आणि चार नवे पेन्सिल सेल घेऊन मी येईन. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी दसऱ्याच्या आधी कळवावे.