बॅकचा खेळ

१ ऑगस्ट २०२५. जुम्म्याचा दिवस. नमाज आटोपून आम्ही शाळेत परतलो तोच मोबाइल वाजला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन होता. सलाम-दुआ झाली न झाली तोच म्हणाला, "सर, खालिद जमील इंडियाचा कोच झाला." एवढे सांगून तो गप्प राहिला. आम्हीही गप्प राहिलो.

स्टाफरूममध्ये बातमी सांगितली तर दोघा-तिघांनी नाव ऐकूनच माशाअल्लाह म्हटले. पण खालिद जमील कोण, हे एकालाही ठाऊक नव्हते. क्रिकेटचा कोणी असता तर शिपायानेही त्याची धावसंख्या सांगितली असती. फुटबॉलचे आपल्याकडे असेच आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे तर आमच्यासारखेच शाळामास्तर. त्यांनी १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघ चौथा आणला. त्यांचे नावही आमच्या पोरांना २०२४ चा 'मैदान' सिनेमा आल्यावर कळले.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. खेळले मात्र मुंबईत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी. मधल्या फळीत खेळत. दुखापतींनी पाठ सोडली नाही तेव्हा २००९ मध्ये बूट उतरवले आणि त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. या क्लबकडे पैसा बेताचा, नामवंत खेळाडू नाहीत. कूपरेजचे काम निघाले तेव्हा 'घरचे' सामने पुण्याला बालेवाडीत जाऊन खेळावे लागले. अशा संघाला घेऊन हा माणूस सात मोसम आय-लीगमध्ये तगून राहिला. ट्रॉफी एकही नाही. पण खालच्या श्रेणीत संघ घसरू दिला नाही. मागे दाट भिंत उभी करायची, गोल खायचा नाही आणि संधी मिळाली की पुढे धावायचे, ही त्यांची रीत. ती पाहायला रुक्ष वाटते, असे जाणकार म्हणत. आम्हाला कधी वाटली नाही. आम्ही स्वतः बी.एड.च्या दिवसांत बॅकला खेळलो आहोत. गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात. बॅकचे नाव निघते ते त्याच्याकडून चूक झाली तरच.

२०१६ मध्ये ते मुंबई एफसीतून बाहेर पडले आणि मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या मोसमात खाली घसरलेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतले म्हणून त्याला परत घेतले होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला शेवटचा सामना. आयझॉलवर आधी गोल झाला, उत्तरार्धात बरोबरी साधली आणि तेवढी एक बरोबरी पुरली. आयझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्येकडचा पहिला संघ देशाचा विजेता झाला. आणि त्याच मोसमात खालिदविना खेळणारे मुंबई एफसी तळाला जाऊन खाली उतरले.

हे सारे आम्हाला सांगितले ते त्या विद्यार्थ्याने. तो तेव्हा नववीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. वर्तमानपत्राचा तुकडा घडी घालून खिशात ठेवायचा. आमच्या शाळेला मैदान नाही. धान कापून झाले की गावाबाहेरच्या रिकाम्या बांध्यांत पोरे खेळतात. तणसाची टोके पायाला टोचतात, बांधाला चेंडू अडला की तोच आऊट. तिथे हा बॅकला उभा राहायचा. अंगाने किरकोळ, पण चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळायचे. ही गोष्ट शिकवून येत नाही.

दहावीत असताना त्याचे अब्बा आमच्याकडे आले. ते हातठेल्यावर फळे विकतात. कामठीला पोराच्या मामांचे घर होते. कामठी म्हणजे विदर्भातल्या फुटबॉलचे माहेरघर, रब्बानी क्लबचे गाव. मामा म्हणत होते, दहावीनंतर पाठवा, इथे शिकेल आणि खेळेलही. अब्बांनी विचारले, "मास्टर साहब, तुम्ही सांगाल ते करू." आम्ही पाच मिनिटेही विचार केला नाही. म्हणालो, "चाचा, फुटबॉलने पोट भरत नाही. आयटीआयला टाका." तो दाराशी उभा होता. त्याने एक शब्द काढला नाही. फिटरचा कोर्स झाला, बुटीबोरीला कंपनीत लागला. पगार वेळेवर होतो. ठेल्यावरचे ओझे थोडे कमी झाले. म्हणजे आमचा सल्ला चुकला असे कोणी म्हणणार नाही.

पण खालिद जमील यांची बातमी येत राहिली की आम्हाला ते दार आठवायचे. २०२१ मध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षकाला मध्येच काढले आणि संघ तात्पुरता यांच्याकडे दिला. संघ हरायचा थांबला, उपांत्य फेरीत गेला. मग त्याच वर्षी ते इंडियन सुपर लीगमधले पहिले पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक झाले. नंतर जमशेदपूर. २०२५ मध्ये हा संघ सुपर कपच्या अंतिम फेरीत गेला आणि गोव्याकडून हरला. राष्ट्रीय संघाला सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय प्रशिक्षक मिळाला तो असा. आधीचे सामने बिघडून बसलेले होते. बुडती नाव हाती द्यायची तर आपला माणूस आठवतो, हेही आहेच.

सुरुवात चांगली झाली. ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात हरवले, ओमानला पेनल्टींवर नमवून सीएएफए नेशन्स कपमध्ये तिसरे आलो. पण १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने २-१ ने हरवले आणि २०२७ च्या आशिया कपचा रस्ता बंद झाला. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही हार. लगेच सुरू झाले, याला फक्त बचाव येतो.

मडगावच्या सामन्यानंतर आम्हीच त्याला फोन लावला. वाटले, नाराज असेल. तो म्हणाला, "सर, सिंगापूरचे दोन्ही गोल परत पाहा. बॅकची जागा सुटली होती." आणि कोणी कुठे उभे राहायला हवे होते ते दहा मिनिटे समजावत राहिला. शिफ्ट सुटल्यावर स्टँडवर बसची वाट पाहत बोलत होता. मागून कंडक्टरचा आवाज येत होता. अचानक थांबला आणि म्हणाला, "बस आली सर, ठेवतो."

येत्या रविवारी तो घरी येणार आहे. आमच्या आठवीच्या पोरांना बॅक कसा खेळायचा ते दाखव, असे आम्ही त्याला सांगितले आहे. तो लगेच हो म्हणाला. कामठीचा विषय त्याने आजवर काढलेला नाही. आम्ही काढावा की नाही, हे अजून ठरत नाही.