चुंबळ

आमच्या खान्देशात बाईचं वय डोक्यावरच्या ओझ्यानं मोजावं. आधी हंडा, मग चाऱ्याचा भारा, मग कापसाचं गाठोडं. मायचं माहेर शिंदखेड्याकडचं, सासर चोपड्याचं. चुंबळ दोन्हीकडे तीच.

साठीनंतर ती म्हणायला लागली, "मान दुखस रे भाऊ." वात म्हणायची, गरम तेल चोळायची. पण एका वेचणीला बोंडातला कापूस तिच्या चिमटीत येईना. बोटांना मुंग्या, ब्लाऊजचं हूक लागेना, बांधावर पाय डळमळायचा.

धुळ्याच्या डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो समोर धरला. मानेत 7 मणके. त्यांच्यामधल्या चकत्या वयानं सुकतात, कडेला हाड वाढतं, कधी नस दबते. उतारवयात हे बहुतेकांना होतं. डोक्यावर ओझं वाहिलेल्यांना लवकर. नुसती मान दुखली तर शेकानं, व्यायामानं बऱ्याचदा भागतं. पण हातातलं बळ जाऊन चाल बिघडली, तर मज्जारज्जू दबल्याची खूण. तिथं तेल चोळत बसायचं नसतं.

मायचं ऑपरेशन झालं. हूक लावायला वेळ लागतो, पण स्वतः लावते. वेचणी सुटली. सून हंडा उचलायला वाकली की ओट्यावरून आवाज येतो, "कंबरवर ले वं बाई, डोकावर नको."