पत्ता कुठला घालू?

सोलापूर
रविवार

चि. सोनू,


परवा फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. ‘मावशी, आमच्या कंपनीत जात कुणी विचारत नाही, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आरक्षण आलं की ती गेली,’ असं म्हणालीस. तू मनापासून बोललीस, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

सेटलमेंट भाग तू लहानपणापासून रिक्षातून पाहिलायस. तिथली माणसं तिथे कशी आली, हे मात्र आम्ही कुणी तुला सांगितलं नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो मुंबई इलाख्यात लागू झाला. कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींची कुटुंबं सोलापुरात तारेच्या कुंपणाआड आणून ठेवली. रोजची हजेरी, परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि कामाला कुठे, तर आपल्याच कापडगिरण्यांत. गिरणीला हात हवे होते तेव्हा या लोकांच्या लायकीची चौकशी झाली नाही गं. यंत्रावर उभं केलं आणि त्यांनी ती यंत्रं चालवून दाखवली. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. मग गिरण्याही बंद पडल्या. पत्त्यातलं ‘सेटलमेंट’ हे नाव तेवढं राहिलं.

मागे त्या भागातला एक मुलगा नोकरीचा अर्ज दाखवायला घरी आला होता. बी. कॉम. झालेला, टॅली पक्कं येणारा, अक्षर मोत्यासारखं. सगळा अर्ज भरलेला आणि पत्त्याची ओळ कोरी. ‘बाई, पत्ता कुठला घालू? मित्राचा घालू का?’ आधीच्या एका मुलाखतीत साहेबांनी पत्ता वाचला आणि वडील काय करतात ते विचारलं. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्यानं तसं सांगितलं. टॅलीबद्दल एकही प्रश्न न विचारता ‘कळवतो’ म्हणून त्याला पाठवून दिलं. सोनू, त्याची गुणवत्ता तपासली कधी?

भरतीचं काम तुझ्याकडे. तुम्ही मुलाखतीत घरची माहिती विचारता, उमेदवार मोकळा व्हावा म्हणून, असं तू म्हणतेस. डॉक्टरची मुलगी त्या प्रश्नानं मोकळी होते. या मुलाचा आवाज तिथेच खाली जातो. मग शेऱ्यात ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहून येतं.

एखाद्या साहेबाचा स्वभाव म्हणून हे सोडून देता येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश भरली, मुसलमान नावाला एक तृतीयांश. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोत गोऱ्या-काळ्यांच्या नावांनी असाच प्रयोग झाला होता, तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना दीडपट बोलावणी आली.

आपल्याकडे तर असं करायला लेखी नियमही लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला, पण अस्पृश्यांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि शेजारच्या कामगाराला तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. ज्यांच्याकडून बंधुभावाची अपेक्षा होती, त्यांनीच ते दार लावून धरलं होतं.

आरक्षणाचे दोष मलाही दिसतात. कैकाडी माणूस विदर्भात अनुसूचित जातीत येतो आणि सोलापुरात विमुक्त जातीत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एका गावी टिकू दिलं नाही, त्यांच्याकडे जातपडताळणीला १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. सवलत पुन्हा पुन्हा त्याच घरांत जाते, हा तुझा आक्षेपही खरा आहे, म्हणूनच विमुक्तांना क्रिमीलेअरची अट आहे. हे दुरुस्त करायला हवं, जरूर. पण शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या त्या का, तर दरबारातल्या बहुतेक अधिकारपदांवर एकाच जातीची माणसं होती. तीही गुणवत्तेच्याच नावानं बसली होती ना? शिवाय, तू ज्या आरक्षणाला घाबरतेस ते तुमच्या कंपनीच्या फाटकापर्यंत पोचतच नाही. ते सरकारी नोकरीत आहे आणि तिथल्याही कितीतरी जागा भरल्या जात नाहीत. राहिली खाजगी नोकरी, आणि तिथली पहिली चाळणी तुझ्या हातात आहे.

तेव्हा माझं मागणं नीट ऐक. पहिल्या चाळणीला अर्जावरचं नाव आणि पत्ता झाकून ठेव. वडिलांच्या धंद्याचा प्रश्न काढून टाक. टॅलीचं काम असेल तर आधी टॅलीच करून घे, गप्पा नंतर मार. साहेब नाही म्हणतील, तर का नाही म्हणतात ते मला लिही.

त्या मुलाचा बायोडाटा मी तुला पाठवणार नाही. ओळखीनं नोकरी लागावी असं त्यालाही वाटत नाही. पुढच्या भरतीची जाहिरात कुठल्या पेपरात, कुठल्या दिवशी येणार, तेवढं कळव. तुमच्याकडे निम्मी माणसं ओळखीतून घेतात असं तूच म्हणाली होतीस. जाहिरात येतच नसेल, तर तेही कळव.

तुझी
मावशी